सरकारी मदत, दाखले आणि अडकलेले हप्ते: सोलापूर जिल्ह्यातल्या गावांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीना-भीमेच्या काठावरून आणि सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावरून आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. फॉर्म भरता भरता एक गोष्ट पक्की कळली: योजनेत न बसणारे थोडे, बसूनही अडकलेले फार. कुणाचं नावातलं एक अक्षर आडवं येतं, कुणाचं खातं बंद पडलेलं असतं, कुणी पोचच घेतलेली नसते. म्हणून योजनांची जाहिरात इथे कमी आहे आणि अडचणींचीच चर्चा जास्त.

१. कुठल्या कामाला कुठल्या ऑफिसात जायचं? सगळं एका जागी मिळत नाही का?

नाही मिळत. सातबारा, वारस नोंद आणि पंचनामा तलाठ्याकडे. घरकुल, जन्म-मृत्यूची नोंद आणि घराचा उतारा ग्रामसेवकाकडे. ठिबक, अवजारं आणि शेततळं कृषी सहाय्यकाकडे. त्याचा अर्ज मात्र महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन. निराधारचं काम तहसीलच्या संजय गांधी शाखेत, रेशनकार्डाचं तिथल्याच पुरवठा शाखेत. लाडकी बहीणबद्दल आधी अंगणवाडी सेविकेला विचारा.

२०२४ पासून तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणतात. कागदावर नवी नावं दिसली तर गोंधळू नका, माणसं तीच. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं असतात, म्हणून तो कुठल्या वारी आपल्या गावात बसतो हे आधी विचारून ठेवा. नुसत्या सातबाऱ्यासाठी मात्र जायची गरज नाही. १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन निघतो आणि तो सगळीकडे चालतो.

२. सगळे दाखले एकदाच काढून ट्रंकेत ठेवले तर चालतात का?

जातीचा आणि वय-अधिवासाचा दाखला एकदा काढला की पुरतो. उत्पन्नाचा पुरत नाही, त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जानेवारीत काढून एप्रिलमध्ये जोडणारे दरवर्षी परत येतात. ज्यांना जूनमध्ये मुलाच्या प्रवेशाला लागतो, त्यांनी एप्रिल उजाडल्यावरच काढावा.

या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, ते शुल्क माफ आहे. साध्या कागदावर लिहून द्या. कुणी ५०० चा स्टॅम्प आणायला सांगितला तर ‘माफ आहे ना?’ एवढं शांतपणे विचारा. झेरॉक्सवर गॅझेटेड अधिकाऱ्याची सहीही बहुतेक ठिकाणी लागत नाही, आपणच ‘स्वसाक्षांकित’ लिहून सही करायची.

३. सेवा केंद्रवाला मागेल तेवढे द्यायचे का?

दरपत्रक भिंतीवर लावणं केंद्राला बंधनकारक आहे. दर बघून पैसे द्या आणि पावती घ्या. पावतीवर जी तारीख असते, तिचा उपयोग प्रश्न १४ मध्ये आहे. ‘पावती नको, लवकर करून देतो’ म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं असा आमचा अनुभव नाही.

४. आधारला मल्लव्वा, सातबाऱ्याला मल्लम्मा, बँकेत मालन. तिन्ही मीच. आता?

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. घरात कानडी, शाळेत मराठी, बँकेत इंग्रजी. प्रत्येक कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. पूर्वी ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र दिलं की भागायचं. आता शेतकरी ओळख क्रमांक काढताना संगणक आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव पडताळून बघतो, आणि त्याला प्रतिज्ञापत्र वाचता येत नाही.

आधी ठरवा, बदलायचं कुठलं. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे तिथे घाईने हात घालू नका. शाळेचा दाखला किंवा जुनी कागदपत्रं ज्या नावाची आहेत ते नाव कायम धरा आणि बाकीची त्याच्याकडे वळवा. सातबाऱ्यावर हस्तदोष असेल, म्हणजे जुन्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) नाव बरोबर आणि नंतर उतरवताना चुकलं, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यासाठी जुन्या फेरफाराची नक्कल जोडा, तिच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बँकेतलं नाव सगळ्यात शेवटी. आधार बरोबर झालं की ते केवायसीने एका दिवसात बदलतं.

सासर-माहेरच्या नावाचा घोळही यातच येतो. लग्नानंतरचं नाव आधारवर घ्यायला विवाह नोंदणीचा दाखला चालतो. नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रात छापून घ्या.

५. यादीत नाव आहे, ‘पैसे जमा’ असं दाखवतंय, पण पासबुकात काहीच नाही. पैसे गेले कुठं?

बहुतेक वेळा ते तुमच्याच दुसऱ्या खात्यात असतात.

आधार ‘लिंक’ असणं आणि आधार ‘सीडिंग’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे त्या बँकेला तुमचा आधार नंबर माहीत आहे. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ‘या आधारचे सरकारी पैसे या बँकेत पाठवा’ असं लिहिलेलं आहे. लिंक पाच बँकांत असू शकतं, सीडिंग एका वेळी एकाच बँकेत. जिथे शेवटचं सीडिंग झालं तिथे पैसे जातात, अर्जात तुम्ही कुठलाही खाते नंबर लिहिलेला असो.

मोहोळ भागातल्या एका मावशींचे निराधारचे सात महिन्यांचे पैसे असेच ‘गायब’ होते. तहसीलला चार फेऱ्या झाल्या. शेवटी कळलं की काही वर्षांपूर्वी गावात कॅम्प लावून कुणीतरी त्यांचा अंगठा घेऊन शून्य रकमेचं खातं उघडलं होतं. पासबुक कधी हातात आलंच नाही, पण सीडिंग तिथे होतं. पैसे पैन् पै शाबूत निघाले.

आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं, फक्त मोबाईल आधारला जोडलेला हवा. तिथे बँकेचं नाव येतं, खाते नंबर येत नाही. बँक भलतीच निघाली तर आपल्या नेहमीच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरा. फॉर्मवर ‘डीबीटीसाठी’ (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) असं स्पष्ट लिहा, नाहीतर ते नुसतं लिंक करून पाठवतात. बँक लांब असेल तर पोस्टमन घरी येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खाते उघडून देतो आणि सीडिंगही करतो. म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही हाच मार्ग सांगतो.

सीडिंग बरोबर असूनही पैसे नसतील तर खातं व्यवहाराअभावी निष्क्रिय झालंय का ते विचारा. केवायसी करून शंभर रुपये भरले की ते उठतं.

६. अनुदान आलं, पण बँकेनं खात्याला होल्ड लावलाय. थकीत कर्जात वळवतात म्हणे.

वळवता येत नाही. अतिवृष्टीच्या मदतीच्या शासन निर्णयात ही रक्कम बँकांनी कर्जवसुलीकडे वळती करू नये, अशी सूचना असते. त्या निर्णयाची प्रत घेऊन शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन-चार दिवसांत होल्ड निघाला नाही तर तीच पोच जोडून तहसीलदारांकडे तक्रार करा. तोंडी भांडून हे काम झालेलं आम्ही पाहिलं नाही. कागद टेबलावर पडला की होतं.

७. पुरात सगळं गेलं. पंचनाम्यात काय काय येतं, आणि किती मिळतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी करमाळा, माढा, मोहोळ भागांतल्या घरा-गोठ्यांत शिरलं, त्यानंतर हा प्रश्न रोज येत होता. नियम असा की पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवं. आपत्ती निधीच्या निकषांनुसार हेक्टरी जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. २०२५ च्या पुरानंतर राज्याने ही मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर केले.

पण पंचनाम्यात लोक पीक सांगतात आणि बाकीचं विसरतात. जमीन खरवडून गेली असेल तर हेक्टरी ४७,०००, गाळ साचला असेल तर तो काढायला १८,०००. दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. प्रत्येकाचा रकाना वेगळा आहे, आणि तलाठी, कृषी सहाय्यक, ग्रामसेवक शिवारात येतात तेव्हा तो भरला गेला पाहिजे. खरवडलेली जमीन नुसतं ‘पीक नुकसान’ म्हणून लिहून घेतली तर हेक्टरी ४७,००० वर पाणी सोडावं लागतं.

जनावर मेलं असेल तर पुरण्याआधी फोटो काढा, कानातला बिल्ला दिसेल असा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. वाहून गेलं असेल तर बिल्ल्याचा नंबर आणि शेजाऱ्यांचे जबाब उपयोगी पडतात.

यादी तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लागते. ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक नाही त्यांच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक येतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात केवायसी करावी लागते. यादीत नाव बघून निवांत बसलेल्यांचे पैसे याच पायरीवर थांबतात. केवायसी होऊनही आले नाहीत तर प्रश्न ५.

८. पंचनामा झाला म्हणजे पीक विमाही मिळणार ना?

नाही. पंचनाम्याची मदत सरकारची, विमा कंपनीचा. एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याला विमा रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता भरावा लागतो. भरपाई तुमच्या एकट्याच्या रानावरून ठरत नाही, महसूल मंडळातल्या (आसपासच्या काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवरून ठरते. त्यामुळे तुमचं रान बुडालं आणि मंडळाची सरासरी बरी निघाली तर हाती काही येत नाही. हे अन्यायकारक वाटतं, आणि आम्हालाही वाटतं, पण सध्या नियम तोच आहे. विम्याची चौकशी १४४४७ वर.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवणं, मात्र चुकवू नका. सातबाऱ्यावर सोयाबीन आणि विमा तुरीचा, अशी प्रकरणं नाकारली जातात.

९. वडील वारून आठ वर्षं झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. मदत कुणाला मिळेल?

कुणालाच नाही, वारस नोंद होईपर्यंत. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा, घरबसल्या ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरही होतो. फेरफार धरल्यावर १५ दिवसांची नोटीस निघते आणि कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली ती याचसाठी. तिच्यात तुमचं राहून गेलं असेल तर नेहमीच्या मार्गाने अर्ज करा.

बहिणींची नावं वगळून नोंद करायचा मोह धरू नका. त्यांना हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं. तोंडी ‘ताईला काही नको’ हे कागदावर चालत नाही, आणि ताईला खरंच काही नको असतं का, हेही एकदा विचारून बघावं.

सामाईक खात्यात नोंद झाली पण वाटणी नसेल तर मदत एकाच्या खात्यावर घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. भावाभावांत बोलणं नसलेल्या घरांत हे पैसे वर्षानुवर्षं पडून राहतात.

१०. पीएम किसानचा हप्ता बंद झाला. काय चुकलं?

आधी ई-केवायसी, सीडिंग आणि शेतकरी ओळख क्रमांक, या क्रमाने तपासा. बोटांचे ठसे उठत नसतील तर पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवूनही केवायसी होते. ऊसतोडीने आणि विडीकामाने झिजलेल्या बोटांसाठी हे बरं झालं.

अडचणीची प्रकरणं अशी. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केली असेल तर लाभ नाही, पण वारसाने आली असेल तर आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगळी जमीन असली तरी कुटुंब एकच, लाभ एकालाच. गेल्या वर्षी आयकर भरला असेल तर लाभ नाही. राज्याचे नमो शेतकरीचे ६,००० याच यादीवर चालतात, म्हणून एक थांबला की दुसराही थांबतो. चौकशी १५५२६१ वर.

११. निराधारला उत्पन्न २१,००० च्या आत दाखवा म्हणतात. एवढ्यात कोण जगतं?

कुणी नाही. महिन्याला १,७५० रुपये होतात. ही मर्यादा जुनी आहे आणि बदलायला हवी असं आमचं मत आहे, पण अर्ज मतावर मंजूर होत नाही. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ (६५ वर्षांपुढे) या दोन्हींना महिना १,५०० मिळतात. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे आणि त्यांची रक्कम २०२५ मध्ये २,५०० झाली. अट आणखी एक, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे पण विचारत नाही, अशा आईचा अर्ज बसतो का? रेशनकार्ड कुणाबरोबर आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. मुलाचं कार्ड खरोखर वेगळं असेल तर अर्ज करा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की माणूस जिवंत असून कागदावर नसतो.

१२. माझं माहेर इंडीचं, कर्नाटकातलं. लाडकी बहीण मला मिळेल का?

माहेर परराज्यातलं म्हणून अडत नाही. जन्म परराज्यातला आणि लग्न महाराष्ट्रात राहणाऱ्याशी झालेलं असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास दाखला चालतो. बाकीच्या अटी सगळ्यांना त्याच, वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मात्र आणून ठेवा, सासरच्या कार्डात नाव चढवायला तो लागतो. सीमेपलीकडून तो आणायला दोन-तीन खेपा होतात, सणाला जाल तेव्हाच काम उरका.

निराधारचे १,५०० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे वेगळे मिळत नाहीत. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून महिना १,००० पडत असतील तर वरचे ५०० मिळतात.

१३. आम्ही सहा महिने टोळीबरोबर ऊसतोडीला बाहेर असतो. रेशन बुडतं.

बुडायला नको. कार्ड बारा अंकी आणि सगळ्यांचं आधार जोडलेलं असेल तर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य उचलता येतं, कारखाना कर्नाटकात असला तरी. घरी म्हातारी माणसं मागे राहिली असतील तर त्यांचा वाटा गावात आणि तुमचा तिकडे, असं विभागूनही चालतं. ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ असं दुकानदार म्हणाला तर १९६७ ला फोन करा. मुलांची केवायसी निघण्याआधी करून घ्या.

१४. अर्जच घेत नाहीत. घेतला तर पोच देत नाहीत. ‘साहेब मीटिंगला’ हे उत्तर किती दिवस ऐकायचं?

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वाचून ठेवा. अधिसूचित सेवेला मुदत आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदत उलटली तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण मुदत मोजायला सुरुवात कधीची, हे पोचेवरच्या तारखेवरून ठरतं. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच.

तरीही हलत नसेल तर तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. जिल्ह्याला जायचं तर १५ दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तर ३० दिवसांत. त्यात ‘माझं काम का केलं नाही?’ असं विचारू नका. ‘माझा अर्ज अमुक तारखेला आला, तो आज कुठल्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा आहे, त्याची प्रत द्या’ असं विचारा. अर्धी कामं या एका वाक्याने होतात.

१५. घरकुल मंजूर आहे, पण जागाच नाही.

जागा खरेदीसाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत आहे, ती पंचायत समितीकडे मागा. घरकुलाच्या ‘ड यादी’त किंवा नव्या सर्वेक्षणात नाव आहे का, हे ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा ऐका. नाव वगळलं असेल तर हरकत तिथेच नोंदवा आणि इतिवृत्तात आली का ते बघूनच उठा.

१६. शेतात साप चावून माणूस गेला. काही मिळतं का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख, आणि एक हात किंवा पाय गेला तर १ लाख. वय १० ते ७५. खातेदार आणि घरातला आणखी एक जण यात येतो. सर्पदंश, वीज, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, रस्त्यावरचा अपघात हे सगळं चालतं. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या चालत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबासाठी १ लाखाची वेगळी मदत आहे, ती जिल्हा समिती ठरवते.

दुःखात सुचत नाही हे खरं, पण शवविच्छेदन करायला नाही म्हणू नका. ‘कापाकापी नको’ म्हणून अंत्यविधी उरकला की साप चावला हे सिद्ध करायला काहीच राहत नाही. पोलिसांत नोंद करा आणि प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या.

१७. रान दुसऱ्याचं, मी वाट्यानं करतो. बी-बियाणं माझं, कष्ट माझे, पूर आला तर पैसे मालकाला. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, पण आज असंच आहे. पंचनाम्याची मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. पीएम किसान वाटेकऱ्याला नाही. पीक विमा नोंदणीकृत भाडेकरार असेल तर काढता येतो, पण ‘उद्या कूळ लागेल’, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने मालक करार करून देत नाही, आणि त्या भीतीला आपल्याकडे इतिहास आहे.

मग निदान एवढं करा. पेरणीआधीच मालकाशी बोलून ठेवा की नुकसानीचे पैसे आले तर खर्चाच्या प्रमाणात वाटून घ्यायचे, आणि दोन माणसांसमोर वहीत लिहून ठेवा. हा कागद कोर्टासाठी नाही, आठवणीसाठी. बियाणं-खताची बिलं स्वतःच्या नावाने घ्या. जनावरं तुमची असतील तर बिल्ल्याची नोंद तुमच्या नावावर आहे का ते बघा, कारण जनावरांची मदत सातबाऱ्यावर अवलंबून नसते, ती जनावराच्या मालकालाच मिळते.